पुढच्या चाकावरचं कुंकू

माझ्या बायकोला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे, असं ती चारचौघांत सांगते. मीही मान डोलावतो. एक गोष्ट तिला माहीत नाही. तिलाच काय, कुणालाच नाही — ही गोष्ट मी एकटा असतानासुद्धा कधी मोठ्यानं बोललेलो नाही. आणि गंमत बघा, ती घडली तेव्हा शोभा माझ्या शेजारीच उभी होती. हातात हळदी-कुंकवाचं ताट धरून.

गंमत कसली म्हणा. भीती वाटली की मी असं काहीतरी हलकं बोलून जातो. जुनी खोड आहे.

आज खंडेनवमी. दुकानातली हत्यारं सकाळीच पुजली. शटर अर्धं ओढलंय, बाहेर दुपारचं ऊन आहे, आणि मी आत पूजेसमोर स्टुलावर बसून हे लिहितोय. उद्या दसरा आहे आणि उद्या सकाळी एक मुलगी सायकल घेऊन डोंगरावरून खाली येणार आहे. म्हणून आज हे लिहायलाच हवं — पण एकदम तिथं नाही येता येत मला. जरा मागून यावं लागेल.

हिंगोलीतलं हे सायकलचं दुकान वडिलांपासूनचं. त्यांच्या वेळी पंक्चर काढणं, छर्रे बदलणं, चाकाचा आऊट काढणं — म्हणजे वाकडं फिरणारं चाक स्पोक कमीजास्त ताणून सरळ करणं — एवढ्यावर घर चालायचं. मी गिअरच्या सायकली आणल्या. मग डोंगरउताराच्या. आमच्याकडे डाउनहिल म्हटलं की लोक हसतात. सोयाबीन आणि हळदीचा मुलूख, इथं कसला आलाय डोंगर? पण कळमनुरीच्या बाजूला रस्ता सोडून आत गेलं की एक माळ चढत जातो आणि पलीकडून एकदम खाली कोसळतो. मुरूम, काळे दगड, आणि मध्येच कमरेएवढी खडकाची पायरी, जिच्यावरून सायकलसकट उडी घ्यावी लागते. आमची हौशी टोळी तिथं जायची. एक बँकेतला, एक शाळेतले मास्तर, एक मेडिकलवाला, आणि बालाजी.

बालाजी म्हणजे शोभाचा धाकटा भाऊ. माझा मेहुणा. राहायला नरसीला, नोकरी लाइनमनची. वादळात तार तुटली की लोक घरात शिरायचे आणि हा बाहेर पडायचा. खांबाच्या टोकावर त्याला बघून खालच्यांना घेरी यायची, हा वरून त्यांनाच विचारायचा, चहा ठेवला का म्हणून. असला माणूस. त्याला भीती माहीत नव्हती, असं म्हणणार नाही. पण ती त्याच्या हातापर्यंत कधी पोचायची नाही. हात त्याचे शांत असायचे. हे लक्षात ठेवा — त्याचे हात.

आणि त्याचा माझ्यावर भरवसा होता. दाजी म्हणतील ते बराबर. सायकलीच्या बाबतीत तरी त्याला दुसरा देव नव्हता.

आता रिमचं सांगतो. रिम म्हणजे चाकाचं बाहेरचं कडं, ज्यावर टायर बसतो. उताराच्या सायकलीला ती हलकी हवी, नाहीतर वळणावर चाक हाताला जड लागतं. आणि दणकट हवी, कारण खाली दगड आहेत. दोन्ही एकात मागणं म्हणजे भरपूर दूध देणारी आणि चारा न खाणारी म्हैस मागण्यासारखं आहे. जाड रिम दगडावर आपटली तर तिला पोचा येतो. तो दिसतो, बोटाला लागतो, आणि माणूस सावध होतो. पातळ आणि कडक रिम तसं काही कळू देत नाही. ती स्पोकच्या भोकापाशी आतल्या आत चिरते आणि वरून चांगली दिसत राहते.

बालाजीला दोन्ही चाकांना जाडच हवी होती. ‘पुढंबी अन् मागंबी दणकट टाका दाजी, वजनाचं मी बघून घेतो.’ टोळी दुकानात चहा पीत बसली होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, मग बैलगाडीचं चाकच बसवतो ना तुला. सगळे हसले, तोही हसला. मग मी व्याख्यान झोडलं. मार खातं ते मागचं चाक, तिथं जाड टाकू. पुढच्याला हलकी, म्हणजे वळायला सोपं. यात खोटं काही नव्हतं, बरेच जाणते असंच करतात. निवड चुकली असं मी आजही म्हणणार नाही.

चुकला तो माझा हात. पातळ रिमचे स्पोक जरा सैल ठेवावे लागतात. हे मला पक्कं माहीत होतं, वडिलांनी कान धरून शिकवलं होतं. पण चाक बांधून झाल्यावर हातानं दाबून बघितलं तर ते किंचित लवलं. मला ते आवडलं नाही. सगळ्यांसमोर एवढी बढाई मारलेली, आणि चाक लवलवतंय? मी चावी घेतली आणि प्रत्येक स्पोक थोडा ताणला. मग आणखी थोडा. चाक असं कडक झालं की बोटानं छेडलं तर स्पोक वाजत होते. बालाजी खूश झाला. मी तर काय, हवेतच.

तेवढ्यावर थांबलं असतं तर ती चूक झाली असती. चुका होतात, नाही का? पण थांबलं नाही.

काही महिन्यांनी खंडेनवमी आली. आमच्या टोळीची एक रीत होती — दसऱ्याच्या सकाळी त्या उतारावरून सायकली खाली आणायच्या, ते आमचं सीमोल्लंघन. बालाजी आदल्या दिवशी सायकल दुकानात सोडून गेला. ‘जरा बघून ठेवा दाजी, उद्या सकाळी नेतो.’ आणि आमच्या दुकानाचीही एक रीत आहे, वडिलांची. खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन-पुसून चौरंगावर मांडायची, पुजायची, आणि एकदा कुंकू लागलं की दसऱ्याला आपट्याची पानं वाटून होईपर्यंत पान्ह्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही विसावा. दुकानात जी सायकल असेल तिलाही हळदी-कुंकू, झेंडूची माळ.

मी सायकल पूजेच्या आधी तपासायला हवी होती. राहून गेलं. म्हटलं, आपणच बांधलेलं चाक, त्याला काय झालंय?

शोभानं पूजा केली. कोरडं कुंकू ॲल्युमिनियमला धरत नाही म्हणून तिनं ते पाण्यात कालवलं आणि पुढच्या रिमला बोटं ओढली. कुंकू पातळ झालं होतं. ओघळ रिमभर पसरले आणि चाक बिचारं नुसतं माखलं. ती म्हणाली, ‘अवं, लई वंगाळ दिसून राह्यलं. पुसा बरं जरा.’

मी फडकं घेऊन पुसलं. सगळं निघालं. एक रेघ निघाली नाही.

स्पोकच्या एका भोकापासून निघालेली, केसाएवढी बारीक, बोटाच्या पेरापेक्षा थोडी लहान. लाल. मी पुन्हा पुसलं. मग रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं. आजूबाजूचा धातू चकचकीत झाला आणि ती रेघ उलट जास्तच स्पष्ट दिसायला लागली. वर डाग असता तर गेला असता. कुंकू आत शिरलं होतं. आत शिरायला जागा होती म्हणून शिरलं होतं.

पुढच्या भोकाकडे बघितलं. तिथंही एक होती, जरा लहान.

मी खाली बसलो. कळलं सगळं. रिम चिरत होती, आणि भोकापाशी का चिरते हे आमच्या टोळीतल्या प्रत्येकाला मीच शिकवलं होतं. स्पोक जास्त ताणले की. कुणी ताणले? उद्या सकाळी दहा माणसांसमोर हे चाक काढून ठेवायचं, आणि बँकेतला म्हणणार, काय हो, बैलगाडीचं चाक बरं होतं ना? मला तेवढंच दिसत होतं, खोटं कशाला बोलू? बालाजीचं तोंड डोळ्यांसमोर आलं नाही. लोकांची आली.

शोभानं वाकून बघितलं. ‘निघत न्हाई का?’

मी म्हणालो, ‘डाग हाय कारखान्याचा. पहिल्यापासूनच हाय.’

आणि झेंडूची माळ घेतली, ती हँडलला घालायची असते, ती मी रिमवर गुंडाळली. बरोबर त्या जागी. तिनं विचारलं, ‘तिथं काहून घालता? वर घाला की.’ मी म्हटलं, राहू दे, शोभतंय.

हे मी केलं. हेच सांगायचं होतं — नाही, हेच एवढं नाही. पुढं आणखी आहे.

त्या संध्याकाळी मी स्वतःची समजूत कशी घातली असेल, तुम्हाला वाटतं? सगळं हत्यारांवर ढकललं. पूजा झालीये, चावीला हात लावता येत नाही, चाक सोडवणार कशानं? रीत मोडली तर वडील काय म्हणतील — वडील जाऊन वर्षं झाली होती. पुन्हा, बालाजीला नुसतं ‘उद्या नको जाऊ’ म्हणायला कुठला पान्हा लागत होता? फोन खिशातच होता. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी तो आला, माझ्या पाया पडला, माळ काढून दुकानातल्या आरशाला अडकवली, आणि मी ‘हळू उतर रे’ म्हणालो. एवढंच. तो हसला. हळू उतरायला कोण जातं तिथं?

मी खाली जाऊन उभा राहिलो, पायरीच्या जरा पुढं. मला वाटत होतं, धावत वर जावं. गेलो नाही. पहिला बँकेतला आला, धूळ उडवत गेला. मास्तर आले. मग वरच्या वळणावर बालाजीचं लाल हेल्मेट दिसलं आणि मी देवाचं नाव घ्यायला लागलो, मोठ्यानं. शेजारी मेडिकलवाला उभा होता, त्याला वाटलं मी सणाच्या भक्तीत आहे.

बालाजी पायरीवरून उडाला. सुंदर उडाला. पुढचं चाक टेकलं आणि एक आवाज आला, सुक्या लाकडाची ढलपी निघाल्यासारखा. चाक पापडासारखं दुमडलं. तो हँडलवरून पुढं गेला आणि खांद्यावर, दगडांत.

सगळे धावले. मीही धावलो. आता हे कसं सांगू? मी त्याच्याजवळ पोचलो आणि माझी नजर आधी त्याच्या तोंडाकडे गेली नाही. रिमकडे गेली. कुणाला दिसतंय का, हे बघायला. तो विव्हळत होता आणि मी मोडून निखळलेलं चाक उचलून बाजूला, झुडपामागं ठेवत होतो. सगळ्यांना वाटलं, वाट मोकळी करतोय.

नांदेडला नेलं. खांद्याचा चुरा झाला होता. ऑपरेशन, लोखंडाच्या पट्ट्या. शुद्धीवर आला तेव्हा पलंगाभोवती शोभा, त्याची बायको, मास्तर आणि मी. त्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘दाजी, काहून पडलो मी?’

कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं. कुणाला संशयही नव्हता. दगडावर आपटून रिम मोडली, असं सगळे आपणहून धरून चालले होते. मी गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. मी म्हणालो, ‘पुढचा ब्रेक दाबलास तू. टेकताना. मी खालून बघितलं.’

तो हळूच म्हणाला, ‘व्हय का? दाबला असंल. ध्यानात न्हाई.’ आणि चांगला हात वर करून त्यानं आपली बोटं बघितली. उलटसुलट करून. ती त्याचीच आहेत का, असं बघत होता.

ते चाक मी हॅकसॉनं कापून भंगारात दिलं. माझा त्याच्याशी संबंध संपला, असं मला वाटलं होतं.

बालाजीचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. खांबावर चढायचं संपलं. त्याला ऑफिसात बसवलं. लोक वीज गेली म्हणून फोन करतात आणि हा दुसऱ्यांना पाठवतो. ते त्यानं सोसलं. पण दुसरं जे झालं ते बघवत नाही. त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला. मोटारसायकलवर लेकराला पुढं बसवेना. चहाचा कप शिडीवरच्या माणसाला द्यायचा असला तरी म्हणतो, ‘तुमी द्या, माझ्या हाताचं काई सांगता येत न्हाई.’ आणि कुणी विचारो न विचारो, स्वतःच्या पडण्याची गोष्ट सांगतो. लग्नात, पारावर, कुठंही. ‘भेव वाटला अन् ब्रेक दाबला. दाजींनी बघितलं म्हून कळलं.’ माझ्याकडे हात करून सांगतो. मी तिथंच असतो बहुतेक वेळा. मान डोलावतो.

दहा-दहा वेळा ऐकून लोकही त्याला तसंच बघायला लागले. घाबरून ब्रेक दाबणारा बालाजी. खांबाच्या टोकावरून चहा विचारणारा बालाजी आता कुणाला आठवत नाही. मला आठवतो.

तेव्हापासून माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक उताराच्या रिमला मी कुंकवाचं पाणी लावतो. बोटभर नाही, पूर्ण कडं माखतो. मग पुसतो आणि भिंगातून भोकन् भोक बघतो. गिऱ्हाइकांना वाटतं, काय श्रद्धा आहे माणसाची. शोभा शेजारणींना कौतुकानं सांगते, ‘कुकू लावल्याबिगर चाक भाईर न्हाई देत आमचे हे.’ एका गिऱ्हाइकानं तर पाया पडून सायकल नेली.

आता कावेरीचं सांगतो. बालाजीची पोरगी, आत्याचा नवरा म्हणून मला मामा म्हणते. तो पडला तेव्हा ती शाळेत होती, लहान. आता इथं कॉलेजला आहे आणि कुठून तिच्या डोक्यात भरलं कळत नाही, तिला तोच उतार उतरायचाय. बालाजी दोन वर्षं नाही म्हणाला. पोरगी बापावर गेलीये, तिनं हट्ट सोडला नाही. शेवटी या पावसाळ्यानंतर तो तिला घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, ‘माझ्या दोनच अटी हाईत. रिम दाजी निवडतील. अन् पुढच्या ब्रेकला तू हात लावायचा न्हाई.’

मी दोन्ही चाकांना दुकानातल्या सगळ्यात जाड रिमा काढल्या. कावेरीनं एक हातात झेलून बघितली. ‘मामा, यापेक्षा ट्रॅक्टरची बसवा ना सरळ.’ बाप-लेक दोघंही हसले. मला हसू आलं नाही. ती हलक्या रिमांचे फोटो मोबाइलवर दाखवत राहिली, वजनं वाचून दाखवत राहिली — जुनं माझंच व्याख्यान तिच्या तोंडून. मी ऐकलं नाही. स्पोक बेतानं ताणले. चाक जरा लवतं, लवू दे. तेवढं मी शिकलो.

पण दुसरी अट? त्यावर मी काय बोललो? काही नाही.

तुम्ही सायकलवाले नसाल तर सांगतो. उतारावर सायकल आवरतो तो पुढचाच ब्रेक. एका बोटानं, हळूहळू दाबायचा. मागचा एकटा वापरला तर चाक जाम होऊन नुसतं घसरतं, आणि घसरणारं चाक कुठं नेईल याचा नेम नाही. हे पहिल्या दिवशी शिकवायचं असतं. बालाजीला हे माहीत होतं, माझ्यापेक्षा चांगलं. पण त्याला पलंगावर एक गोष्ट सांगितली गेली, आणि त्या एका गोष्टीपुढं त्याला जे येत होतं ते सगळं त्यानं टाकून दिलं. त्यानं घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी आणली आणि कावेरीच्या पुढच्या ब्रेकच्या दांडीमागं कोंबून वरून घट्ट गाठ मारली, दांडी दबूच नये अशी. चुकूनही बोट जायला नको. सरावाला तो रोज तिच्याबरोबर जातो आणि खालून ओरडतो, ‘मागचा! मागचा!’

मी म्हणालो होतो एकदा, इतकं बांधून कशाला ठेवायचं? तो म्हणाला, ‘तुमीच तर बघितलं होतं दाजी.’ खाई त्याला खवखवे.

परवा ती उताराच्या खालच्या टप्प्यावर सराव करत होती. मी तिथं होतो. एका वळणावर तिनं मागचा ब्रेक दाबला, मागचं चाक सुटलं, सायकल आडवी झाली आणि पोरगी त्या आडव्या सायकलीसकट कडेकडे सरकत गेली. खाली ओढा आहे, दगडांचा. एका बाभळीच्या बुंध्याला चाक अडलं म्हणून थांबली. गुडघा सोलला, हाताला काटे भरले. ती उठली आणि हसत वर बघून ओरडली, ‘मामा, रिमला काई झालं न्हाई!’

बालाजी धावत गेला. तिला उभं केलं, अंगावरची माती झटकली आणि अभिमानानं माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बघितलं का, न्हाई दाबला पुढचा! माझ्यासारखी न्हाई पोरगी.’

माझ्या अंगात तेव्हा जे शिरलं ते अजून गेलेलं नाही. जेवण जात नाही. शोभा विचारते, पित्त झालं का? मी हो म्हणतो. मी इतकी वर्षं समजत होतो की बालाजीला लागलं, त्याचं झालं ते झालं, आता माझं मी मनात झाकून म्हातारा होईन. आणि माझं खोटं तर त्या डोंगरावर माझ्या आधी जाऊन बसलंय. उद्या ती वरून सुरू करणार आहे. पायरी आहे, वळणं आहेत, ओढा आहे. आणि ब्रेकला चिंधी आहे.

सकाळी शोभानं पूजा मांडली. कावेरीची सायकल मध्ये, त्याच जागी. रिमला शोभानं ओलं कुंकू लावलं, मी पुसलं, भिंग लावून बघितलं. सगळी भोकं स्वच्छ आहेत. रिम चांगली आहे. माझी भीती त्यानं एक गुंजभरसुद्धा कमी झाली नाही.

आता माझ्यासमोर ती सायकल उभी आहे. मनात काय काय येतं सांगू? येतं की आत्ताच चिंधी सोडावी. कुणी नाही. पोरीला हळूच बाजूला घेऊन सांगावं, बापाला कळू देऊ नको, पुढचा ब्रेक वापर. दोघंही वाचतील — ती आणि मी. दोनदा उठलो त्यासाठी. पण बालाजी उद्या सकाळी आधी ब्रेक बघणार आणि चिंधी नसली तर दुसरी बांधणार. तो ती का बांधतो हे जोवर त्याला कळत नाही, तोवर तो बांधतच राहणार. आणि ते कळायचं तर एकाच माणसाकडून कळेल.

मी भितोय. बालाजी मारील याला भीत नाही, त्याचा हात तेवढा उठत नाही. तो मारणार नाही, ओरडणार नाही, नुसता आपल्या बोटांकडे बघेल, त्याची भीती वाटते. शोभा ताट धरून उभी असेल आणि तिला ती माळ आठवेल, त्याची भीती वाटते. आणि सगळ्यात जास्त ही भीती आहे की मागच्या वेळीही मी ‘सकाळी सांगू’ म्हणूनच झोपलो होतो.

उद्या सकाळी टोळी दुकानासमोर जमेल. मास्तर येतील, बँकेतला येईल. हत्यारं चौरंगावर असतील, पण चिंधीची गाठ सोडायला पान्हा लागत नाही. नखं पुरतात. मी सगळ्यांदेखत ती सोडणार आहे आणि कावेरीला म्हणणार आहे, पुढचा ब्रेक वापर.

बालाजी पुढं येईल. माझ्याकडे बघेल आणि विचारील, ‘काहून, दाजी?’

हाच प्रश्न त्यानं नांदेडच्या पलंगावरून विचारला होता. तेव्हा उत्तर द्यायला मला क्षणही लागला नव्हता.